वेळेआधीची घंटा

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला.

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. एका चर्चमध्ये, खूप उंच छताखाली, दगडी पायरीवर एकटे उभे आहात. समोर बाकांवर माणसं बसली आहेत आणि ती सगळी तुमच्याकडेच बघताहेत. तुम्हाला एक गाणं म्हणायचं आहे. ते आजीनं शिकवलंय, झोपेत उठवलं तरी म्हणता येईल इतकं पाठ आहे. पण मागच्या वर्षी आजी गेली, तेव्हा याच पायरीवर, याच माणसांसमोर तुमच्या तोंडून आवाज फुटला नव्हता. तेव्हापासून तुम्ही गायलाच नाहीत. आणि आता तुमचे आजोबा हे शहर सोडून दूर राहायला चालले आहेत. जायच्या आधी त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे. ते गाणं त्यांना या चर्चमध्ये एकदा ऐकायचं आहे.

घसा कसा झालाय, सांगा बरं? कोरडा पडला ना?

तिचाही तसाच पडला होता. तिचं नाव लोट्टे. ही गोष्ट तिची आहे. मी या गोष्टीत अगदी अचानक शिरले, आणि तेही पायात जावयाचे पायमोजे घालून.

त्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी बार्शीत झाली, पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवण्यात. आता निवांत बसू असं म्हणत होते, तेवढ्यात माझ्या मुलीचा, वैजयंतीचा, जर्मनीहून फोन आला. तिला दिवस गेले होते. मग काय, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी असं सगळं बॅगेत भरून मी म्युनिकला जाऊन पोचले. नात झाली. गोड होती, पण रात्रभर जागायची आणि दिवसा झोपायची. तिची आई थकली, बाप थकला आणि आजी तर विचारूच नका. एके दिवशी मी वरणाला फोडणी देण्याऐवजी चहाला दिली, तेव्हा वैजयंतीनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू दोन दिवस कुठेतरी जाऊन ये."

"कुठे जाऊ? आणि बाळाला आंघोळ कोण घालणार?"

"मी घालीन. आणि निरंजन आहे ना. तू व्हिएन्नाला जा. इथून थेट गाडी आहे. हॉटेल मी बघते. एकटीनं फिर, हवं ते बघ, हवं ते खा."

"मला एकटीला जमेल?"

"आई, सत्तर-सत्तर पोरांना घेऊन तू सहलीला जायचीस. स्वतःला एकटीला नेता येणार नाही?"

अशी मी व्हिएन्नाला गेले.

शहर मोठं आहे, देखणं आहे. पिवळ्या रंगाचा भला मोठा राजवाडा, रस्त्यातून टापांचा आवाज करत जाणाऱ्या घोडागाड्या, खिडक्यांवर कोरलेल्या बायकांचे चेहरे. चौकात पांढऱ्या केसांचे टोप आणि जरीचे कोट घातलेली तरुण मुलं कार्यक्रमांची तिकिटं विकत उभी असतात. त्यातला एक जण टोप काखेत मारून पाव खात होता, तो मला सगळ्यांत आवडला. कॉफी मागितली तर छोट्या तबकात आली आणि सोबत न मागता पाण्याचा पेला. पाणी बघून मला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं.

पण खरं सांगू का, मला त्या शहराचं काही वाटेना. बघायचं खूप होतं आणि बघणारे डोळे मिटत होते. एका चित्रसंग्रहालयात गेले. ज्या चित्रासाठी लोक जगभरातून येतात, त्याच्यासमोर मखमली बाक होता. मी टेकले. पुढचं आठवतं ते एवढंच, की एक पहारेकरी बाई माझ्या खांद्यावर हळूच बोट टेकवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंतीचा फोन आला.

"काय काय पाहिलंस?"

"एक बाक पाहिला. फार सुंदर होता."

"आई! तू तिथे झोपायला गेलीयेस का?"

"मग तुझ्याकडे मिळतं का झोपायला?"

ती हसली, पण मला हसू आलं नाही. माझी थकण्याची जात वेगळी होती. पाय दुखत होते, ते रात्रभर विश्रांती मिळाली की राहिले असते. पण इतकी वर्षं मुलांना सांगून, समजावून, गोंजारून, दटावून माझ्यातलं काहीतरी संपून गेलं होतं. नात रडायला लागली की उठून घ्यायचे, पण मनातून काही उठायचं नाही. हे मी वैजयंतीला बोलले नव्हते. आईनं असं बोलायचं नसतं, असं मला वाटायचं.

संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता. स्टेशनकडे जाणारी ट्राम म्हणून मी चढले ती उलट्या दिशेनं निघाली. लक्षात आलं तेव्हा दुकानं, गर्दी सगळं मागे पडलं होतं. उतरले. शांत गल्ली होती. एका खिडकीत मांजर बसलं होतं. पुढे एक छोटं चर्च आणि त्याला तीन-चार पायऱ्या. बसायला जागा मिळाली, याचाच आनंद झाला.

त्या पायऱ्यांवर एक मुलगी आधीच बसली होती. निळा फ्रॉक, घट्ट दोन वेण्या, गुडघे हातांनी कवटाळलेले. मी तिच्या शेजारी बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. आत जाऊन बसावं असं मनात होतं, आणि देवाच्या दारात बूट घालून कसं जायचं? बूट काढून मी ते भिंतीच्या कडेला नीट जोडीनं ठेवले. मुलगी बघत होती. माझे पाय सुजले होते, म्हणून मी जावयाचे, निरंजनचे, सैल पायमोजे घालून आले होते. उजव्या पायाचा अंगठा भोकातून बाहेर आलेला. ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दारातून एक बाई लगबगीनं बाहेर आली. मुलीला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली. मुलीनं मान हलवली. नाही. बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि तिनं इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. फक्त दमलेय. आत बसलं तर चालेल ना?"

"चालेल की. पण बूट काढायची गरज नसते आमच्याकडे."

"माझ्याकडे असते," मी म्हटलं.

ती हसली आणि आमच्या दोघींच्या मधोमध पायरीवर बसली. तिचं नाव आग्नेस. मुलीची आई. थकलेल्या माणसाला थकलेलं माणूस ओळखू येतं बहुतेक, कारण तिनं मला सगळं सांगून टाकलं. आज तिच्या आईच्या वर्षश्राद्धासारखी प्रार्थना होती. तिचे वडील आत पहिल्या बाकावर बसले होते. त्यांना आता एकट्यानं राहणं जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा भाऊ त्यांना आपल्या गावाकडे, डोंगराळ भागातल्या एका वृद्धाश्रमात न्यायला येणार होता.

"ते परत येतील असं मला वाटत नाही," आग्नेस म्हणाली. "त्यांनी लोट्टेकडे एवढं एकच मागितलं. आईचं गाणं. आईनंच शिकवलेलं. प्रार्थना सुरू होताना म्हणायचं, दोन कडवी. मागच्या वर्षी आईच्या अंत्यविधीला ती उभी राहिली आणि..." तिनं आपल्या गळ्यावर हात ठेवला.

"मग आज?"

"सकाळी म्हणाली, गाईन. आता म्हणते, आत येणार नाही. आमचं सगळ्यांचं सांगून झालं. घाबरू नको म्हटलं. लांब श्वास घे म्हटलं. कुणाकडे बघू नको म्हटलं. फादर म्हणाले, नाही जमलं तरी देव रागावणार नाही. तुम्ही काय करता?"

"मी शिक्षिका होते. लहान मुलांची."

तिच्या डोळ्यांत एकदम आशा आली. "मग तुम्ही सांगा ना तिला काहीतरी."

मी मुलीकडे पाहिलं. अशी मुलं मी कितीतरी पाहिली होती. स्नेहसंमेलनात पडद्यामागे माझा पदर घट्ट धरून उभी राहणारी. त्यांना सांगायची वाक्यं माझ्याकडे भरपूर होती. त्या दिवशी मी आत चाचपून पाहिलं, तर एकही वाक्य सापडेना.

"मला काही सुचत नाही हो," मी म्हटलं. "खरंच नाही."

आग्नेसनं मान डोलावली. तिला वाईट वाटलं असेल. ती उठली, मुलीसमोर हात पुढे केला. का कोण जाणे, यावेळी लोट्टेनं तो हात धरला आणि दोघी आत गेल्या. दारातून तिनं एकदा वळून माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

मी थोडा वेळ बसले आणि मग उठून आत गेले.

आत गार होतं. मेणबत्त्यांचा वास येत होता. माणसं येऊन बसली होती, कुणी बोलत नव्हतं. लोट्टे पुढे पायरीवर जाऊन उभी राहिली होती, भिंतीला टेकून ठेवलेल्या छत्रीसारखी. मला खरं तर शेवटच्या बाकावर बसायचं होतं. पण आपल्याकडे कसं असतं? देवळात गेलं की आधी पुढे जाऊन हात जोडायचे, मग मागे येऊन टेकायचं. पाया न पडता कुणी बसतं का? म्हणून मी कडेकडेनं भिंतीलगत पुढे निघाले. पायमोज्यांमुळे पावलांचा आवाज होत नव्हता, त्यामुळे कुणी वळूनही पाहिलं नाही.

पुढे, भिंतीत एक छोटं लाकडी दार होतं आणि दाराशेजारी घंटा.

घंटा काय सुरेख होती! लोखंडाची नक्षीदार वेलबुट्टी, तिला लटकलेली पितळेची चकचकीत घंटा आणि खाली हाताच्या उंचीवर रेशमी गोंडा. माझं डोकं झोपलं होतं, पण हात जागा होता. पन्नासहून जास्त वर्षं तो हात देवळात शिरताना घंटेला लागला होता. तो आपोआप वर गेला आणि त्यानं गोंडा ओढला.

टण्ण!

ती घंटा कशासाठी असते हे मला नंतर कळलं. त्या छोट्या दारामागे फादर तयार होत असतात. ते तयार झाले की बाहेर पडताना तीच घंटा वाजते. ती वाजली की प्रार्थना सुरू. लोकांनी उभं राहायचं, वर माडीवर बसलेल्या माणसानं ऑर्गन वाजवायला घ्यायचा आणि त्या दिवशी लोट्टेनं गायचं.

अख्खं चर्च खाडकन उभं राहिलं. वरून ऑर्गनचे सूर धो धो कोसळले. मी दचकले, तसा माझ्या हातातला गोंडा पुन्हा ओढला गेला आणि आणखी एकदा टण्ण झालं. लोट्टेनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. ती त्या छोट्या दाराकडे बघायला लागली, कारण तिथून फादर यायला हवे होते आणि येत नव्हते. सगळेच तिकडे बघायला लागले. आणि तिथे होते मी. साडी, स्वेटर, हातात गोंडा, पायात भोकाचा पायमोजा.

"अगं बाई!" मी म्हटलं. चांगलं मोठ्यांदा म्हटलं. ऑर्गन नेमका त्याच क्षणी थांबला होता.

दार उघडलं. जाडजूड, म्हातारे फादर घाईघाईनं बाहेर आले. एक हात पांढऱ्या झग्याच्या बाहीत, दुसरी बाही मोकळी लोंबत होती आणि गळ्यातला हिरवा पट्टा एका खांद्यावरून घसरला होता. त्यांनी लोकांकडे पाहिलं, ऑर्गनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

मी गोंडा सोडून हात जोडले. "मला माफ करा. आमच्याकडे देवळात गेलं की आधी घंटा वाजवतात."

"कुठे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"भारतात."

"आणि कशासाठी वाजवतात?"

मोठमोठी कारणं असतील. पण मला आठवलं ते पहिलीच्या मुलांना सांगायचे तेच. "देवाला कळावं म्हणून. आपण आलोय असं."

फादरनी ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. मग ते पुन्हा माझ्याकडे वळले. "मग त्याला कळलं असेल का?"

"त्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं, "पण गल्लीत सगळ्यांना कळलं असेल."

त्यांनी तेही सांगितलं. पहिल्या बाकावरून घशातल्या घशात एक आवाज आला. काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले उंच, वाकलेले म्हातारे आजोबा हसत होते. आधी हळू, मग खांदे हलवत, मग खोकला येईपर्यंत. ते हसले तसे त्यांच्या मागचा बाक हसला, आणि मग सगळं चर्चच हसायला लागलं. फादरनी आपली मोकळी बाही वर धरून लोकांना दाखवली.

"बसा, बसा सगळे," ते दोन्ही भाषांत म्हणाले. "माझे अजून कपडेसुद्धा घालून झालेले नाहीत." आणि मला म्हणाले, "तुम्हीही बसा. इथेच. पुढेच."

आजोबांनी बाकावरची आपली हॅट उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. मी बसले. माझे कान गरम झाले होते. एवढ्या वर्षांत मुलांसमोर कधी माझी अशी फजिती झाली नव्हती, आणि इथे तर सगळी मोठी माणसं. मी मान खाली घालून बसणार होते, पण आधी लोट्टेकडे पाहिलं.

ती हसत नव्हती. ती माझ्याकडे अगदी बारकाईनं बघत होती. एखादं मूल विहिरीत दगड टाकतं आणि आवाज यायची वाट बघतं ना, तसं. या बाईचं आता काय होणार? ती रडणार का? पळून जाणार का? मी काहीच केलं नाही. इतकी दमले होते, की पळून जाण्याइतकी ताकद नव्हती. मी पदर सारखा केला आणि बसून राहिले. आजोबांनी खिशातून एक लिमलेटसारखी गोळी काढून मला दिली. मी ती तोंडात टाकली.

थोड्या वेळानं छोटं दार उघडलं. फादरच्या मदतनिसानं घंटा वाजवली, ती खरी. सगळे उभे राहिले. काहीजण माझ्याकडे बघून पुन्हा हसले. ऑर्गन सुरू झाला. फादर, आता दोन्ही बाह्या घालून, हळूहळू चालत आले.

आणि लोट्टे गायला लागली.

आवाज बारीक होता, पण होता. मला शब्द कळत नव्हते. माझ्या बाजूला आजोबा काठीवर पुढे झुकले. त्यांनी डोळे मिटले होते. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ सुरू झाली, वर चढली, आणि चढता चढता मधेच तुटली.

ऑर्गन दोन सूर एकटाच पुढे गेला आणि तोही थांबला. आग्नेस बाकामागून अर्धवट पुढे सरसावली होती. आजोबांनी डोळे उघडले नाहीत.

शिकवणाऱ्या माणसाला एक सवय असते. मूल अडलं की पुढचा शब्द खालून पुरवायचा. माझे ओठ हललेसुद्धा. पण पुरवायला माझ्याकडे त्या भाषेतला एकही शब्द नव्हता. मला त्या मुलीसाठी काहीच करता येत नव्हतं. तिच्या शेजारी जाऊन उभंही राहता येत नव्हतं. मी नुसती बघत राहिले, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की मला झोप येत नाहीये.

लोट्टेनं आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी गोळी गालात सरकवली आणि वाट बघितली.

मग तिनं दोन्ही हातांचे तळवे फ्रॉकला पुसले, वर माडीवर बसलेल्या ऑर्गनवाल्याला हातानं 'थांबा जरा' अशी खूण केली, घसा खाकरला, आणि गाणं पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली.